ही ऊब येते कुठून?

मुंबईहून बंगळुरूला नव्यानं आलेल्या माणसाला इथला जुलै फसवतो. पाऊस धड कोसळत नाही, नुसती भुरभुर. पण वारा असा की भर दुपारी स्वेटर शोधावा लागतो. घसा खवखवू लागतो आणि गॅसवर पातेलं चढतं. दोन पेले पाणी, पेरभर आलं ठेचून, चार मिरे, गुळाचा खडा, आणि खाली उतरवल्यावर अर्धं लिंबू. पहिला घोट घशाखाली जातो आणि अंगभर ऊब पसरते. यात सांगण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. आहे, भरपूर आहे. कारण ती ऊब बरीचशी उष्णतेची नाहीच!

पाण्यापासूनच सुरुवात करू. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचावर आहे. इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी 97 अंशांच्या आसपासच खळखळू लागतं. मुंबईच्या पातेल्याला त्यासाठी 100 गाठावे लागतात. बंगळुरूत गॅस कितीही मोठा करा, उघड्या पातेल्यातलं साधं पाणी त्यापुढे हलणार नाही. आपल्या पेयाचं या तीन अंशांनी काही बिघडत नाही, हा भाग वेगळा.

आता आलं. फ्रिजमधून काढलेला थंडगार तुकडा चावून पाहा. जीभ भाजते. थर्मामीटर लावला तर तापमान तसूभर वाढलेलं नाही. मग भाजलं कशानं?

जिभेत आणि घशात मज्जातंतूंच्या टोकांवर एक प्रथिन बसलेलं असतं. नाव अगदीच रुक्ष आहे, टीआरपीव्ही-1. साधारण 43 अंशांपेक्षा गरम काही लागलं की मेंदूला ‘पोळतंय!’ असं कळवायचं, हे त्याचं काम. दारावरच्या घंटेसारखं समजा. घंटेची अडचण अशी की बटण कुणी दाबलं हे तिला कळत नाही. आल्यातल्या जिंजेरॉलनं दाबलं तरी ती वाजते, मिऱ्यातल्या पायपरिननं दाबलं तरी वाजते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं ही घंटा 1997 साली शोधली, आणि तीही मिरचीच्या मागावर असताना. मिरचीतला तिखट रेणू शरीरात नेमका कुठे चिकटतो हे ते शोधत होते. सापडलं ते उष्णता ओळखणारं प्रथिन. 2021 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता तो याच कामासाठी. म्हणजे झणझणीत रस्सा खाल्ल्यावर आपण ‘तोंड भाजलं’ म्हणतो, तेव्हा मेंदूच्या दृष्टीनं ते अक्षरशः खरं असतं.

पण आपल्या पेल्यातला तिसरा भिडू अजून यायचाय. लिंबाच्या रसातलं आम्ल हेच प्रथिन जास्त हळवं करून ठेवतं. आम्ल आजूबाजूला असलं की त्याला वाजायला 43 अंशही लागत नाहीत, कमी उष्णता पुरते. ऊन पाणी, आलं-मिरे आणि लिंबू, तिघांचं बोट एकाच बटणावर! ज्या कुणा आजीबाईनं पहिल्यांदा हे तिन्ही एका भांड्यात घातलं, तिला प्रथिनं ठाऊक नव्हती. पण जुळणी मात्र बिनचूक साधली होती.

आता ते लिंबू हातात घ्या. कागदी लिंबू, पातळ सालीचं. सालीवर बारीक बारीक ठिपके दिसतात ना? त्या तेलाच्या कुप्या. साल दुमडून दाबली की कुप्या फुटतात आणि तेलाच्या चिळकांड्या उडतात. मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दाबली तर तडतडून ठिणग्याही दिसतात. मोसंबी-संत्र्याच्या कुळातल्या सालींमधून उडणाऱ्या या चिळकांड्यांचा अभ्यास अमेरिकेतल्या संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केला. त्यातला आकडा वाचून मी ओळ परत वाचली. थेंब बाहेर पडताना त्याचं त्वरण गुरुत्वाच्या सुमारे 5,000 पट असू शकतं. लढाऊ विमानाचे वैमानिक 9 पटीला बेशुद्धीच्या काठावर असतात!

लिंबू कापा. आतला रस ज्या चिमुकल्या पिशव्यांत असतो, त्या वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं केस आहेत. फळाच्या आतल्या भिंतीवर उगवलेले, फुगलेले, रसानं भरलेले केस. त्यांच्यातल्या प्रत्येक पेशीत एक टाकी असते आणि टाकीतलं आम्ल पेशीच्या उरलेल्या भागापेक्षा जवळपास लाखपट तीव्र असतं. मधे एवढंसं पटल. तेवढ्या भांडवलावर पेशी जिवंत राहते आणि दिवसरात्र आम्ल आत पंप करत राहते.

आणि या लिंबाचे आईबाप कोण? 2018 सालीच लिंबूवर्गीय फळांच्या जनुकांचा मोठा अभ्यास ‘नेचर’मध्ये आला. या कुळाचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसाम, उत्तर म्यानमार, पश्चिम युनान या पट्ट्यात, सुमारे 80 लाख वर्षांपूर्वीचा. मूळ जाती मोजक्याच. बाकी सारा संकराचा पसारा. बंगळुरूचा विमानतळ ज्या देवनहळ्ळीत आहे, तिथलं भौगोलिक मानांकन मिळालेलं पपनस ही त्यातली एक मूळ जात. नागपूरच्या संत्र्याचं मँडरिन घराणं ही दुसरी. पपनस आणि मँडरिनच्या संकरातून आंबट संत्रं झालं, त्याचा महाळुंग या आणखी एका मूळ जातीशी संकर होऊन परदेशी सुपरमार्केटातलं जाड सालीचं पिवळं लिंबू झालं. आपलं कागदी लिंबू मात्र वेगळ्या घरचं. त्याची आई फिलिपिन्सकडची ‘मायक्रँथा’ नावाची रानटी जात आणि बाप महाळुंग. तेच महाळुंग, जे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे. शिवाय हे लग्न एकदाच लागलं असावं, असं जनुकं सांगतात. कागदी लिंबाच्या बीतून येणारी बहुतेक रोपं परागकणाचा काही वाटा न घेता आईची हुबेहूब नक्कल म्हणून उगवतात. बंगळुरूच्या केआर मार्केटातल्या ढिगातलं लिंबू त्याच जुन्या झाडाच्या नकलेची नक्कल आहे.

रस पिळला. आता आंबट. गंमत बघा, तिखटाची घंटा 1997 मध्ये सापडली. आंबटपणा जिभेला ज्यातून कळतो तो हायड्रोजन आयनांचा मार्ग, ओटॉप-1, सापडायला 2018 उजाडलं. आणि गूळ घातल्यावर आंबटपणा कमी होतो ना? होत नाही. आम्ल जवळपास होतं तेवढंच राहतं. गोडीपुढे मेंदू त्याची तक्रार कानाआड करतो, एवढंच. दात मात्र फसत नाहीत, म्हणून हे पेय तासभर चघळत बसू नये.

‘पण खरा गुण क जीवनसत्त्वाचा,’ असं कुणीतरी म्हणणारच. जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरनं 1747 साली स्कर्व्हीच्या 12 रुग्णांच्या जोड्या करून वेगवेगळे उपाय दिले आणि संत्री-लिंबं मिळालेली जोडी झपाट्यानं उठली, हे प्रसिद्ध आहे. पुढचं कमी लोकांना माहीत असतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश आरमारानं भूमध्य समुद्राकडची पिवळी लिंबं सोडून वेस्ट इंडीजमधली स्वस्त लिंबं घेतली. ती आपल्या कागदी लिंबाच्याच जातीची. त्यांच्यात हे जीवनसत्त्व कमी, त्यात रस तांब्याच्या नळ्यांतून जायचा आणि तांबं ते आणखी नासवायचं. 1875 च्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेत लिंबाचा रस सोबत असूनही स्कर्व्हीनं माणसं आडवी झाली. तेव्हा हे पेय तांब्याच्या भांड्यात करू नका. आम्लात तांबं उतरतं ते वेगळंच.

अंगणातली शेळी तर हे जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतातच बनवते. आपल्याकडेही ती कृती होती. सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांमध्ये तिचं जनुक बिघडलं, आणि त्याचे मोडके अवशेष आजही आपल्या प्रत्येक पेशीत पडून आहेत. फळांवर भागत होतं म्हणून कुणाचं अडलं नाही. सर्दीपुरतं सांगायचं तर हे जीवनसत्त्व रोज घेऊनही सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही. फार तर थोडी लवकर आटोपते.

मग पेयानं बरं वाटतं ते खोटं? कार्डिफ विद्यापीठात रॉन एक्ल्स यांनी 2008 मध्ये सर्दी झालेल्या 30 जणांना फळांच्या रसाचं पेय दिलं, गरमही आणि साध्या तापमानाचंही. साध्यानं वाहतं नाक, खोकला, शिंका यांत आराम वाटला. गरम प्यायल्यावर शिवाय घशाची खवखव, थंडी वाजणं आणि थकवाही कमी झाल्याचं लोकांनी सांगितलं. नाकातून जाणारी हवा मोजली, तर ती मात्र होती तेवढीच! नाक बंद ते बंदच, आणि तरी माणूस सुखावलेला. मला यात निराश होण्यासारखं काही दिसत नाही. त्रास जाणवतो मेंदूला, आणि आराम पोचायला हवा तोही तिथेच.

लिंबू पातेलं उतरवल्यावरच का पिळायचं, तर त्याचा वास उडून जाऊ नये म्हणून. स्वयंपाकघरभर घमघमाट सुटला तर समजा, तेवढा पेल्यातून गेला. बिया मात्र गाळून घ्या आणि उरलेलं ‘संध्याकाळी पिऊ’ म्हणून झाकून ठेवू नका. लिंबाच्या गरात एक चवहीन पदार्थ असतो. फळ शाबूत असेपर्यंत तो गप्प बसतो. पिळल्यावर आम्लाशी गाठ पडली की हळूहळू त्याचं लिमोनिन होतं, आणि ते कडूजहर. बियांत तर ते ठासून भरलेलं. सकाळचं पेय संध्याकाळी कडू लागतं तेव्हा दोष आल्याचाही नसतो आणि गुळाचाही नाही. पुन्हा दोन पेले पाणी चढवा, लिंबाचं उरलेलं अर्धं आहेच.