निळा पडलेला कोबी टाकू नका

संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते. त्याच दिवसांत कोबीचे गड्डेही काढणीला येतात. हिरवा कोबी आपल्या ओळखीचा. पण अलीकडे काही शेतकरी लाल कोबीही लावतात. नाव लाल असले तरी रंग वांग्यासारखा जांभळा. शेतात तो फार देखणा दिसतो. आडतीवर मात्र त्याचा रुबाब उतरतो. हॉटेलवाल्यांना पाहिजेत तेवढे गड्डे गेले की उरलेल्यांना गिऱ्हाईक नसते. हिरव्या कोबीचा भाव पडला तरी तो कोणीतरी चार पैशांना नेतो. लाल कोबी जसा टेम्पोतून गेला तसाच परत येतो, आणि मग तो शेळ्यांपुढे पडतो, नाहीतर उकिरड्यावर.

घरात का खात नाहीत? आमच्या शेजारी असाच परत आलेला कोबी एका सूनबाईने मोठ्या हौसेने शिजवला. बोअरचे पाणी घातले, झाकण ठेवले. दहा मिनिटांनी झाकण काढले तर भाजी शाईसारखी निळी! सासूबाई म्हणाल्या, "औषध फवारलेलं दिसतंय गं, पोरांना देऊ नकोस." पातेले तसेच उकिरड्यावर रिकामे झाले. तेल, मीठ, कष्ट सगळे गेले, आणि त्या घरात लाल कोबीचे नाव कायमचे वाईट झाले.

खरे म्हणजे त्यात औषधाचा काही संबंध नव्हता. हळदीच्या डागाला साबण लावला की डाग लालभडक होतो, हे आपण नेहमी पाहतो. लाल कोबीच्या रंगाचेही तसेच आहे. आंबट लागले की तो गुलाबी-लाल होतो, खारट सोड्यासारखे काही लागले की निळा, आणि जास्त लागले तर हिरवा. आपल्याकडच्या बऱ्याच विहिरी-बोअरचे पाणी जड असते. त्यात डाळ लवकर शिजत नाही, भांड्याला पांढरा थर बसतो. त्याच पाण्याने कोबी निळा पडतो. निळी भाजी खाल्ली तर काही होत नाही, फक्त ती ताटात बघवत नाही. जर्मनीत तर उत्तरेकडचे लोक या भाजीला लाल कोबी म्हणतात आणि दक्षिणेकडचे निळा कोबी!

औषध फवारलेले असू शकते, ही सासूबाईंची शंका मात्र अगदीच गैर नाही. पण ती रंगावरून ठरवायची नाही. शेवटची फवारणी कधी झाली हे घरच्या कारभाऱ्यालाच विचारा. औषधाच्या डब्यावर काढणीपूर्वी जेवढे दिवस थांबायला सांगितले असेल तेवढे उलटले असतील तरच गड्डा घरात घ्या. वरची दोन-तीन पाने काढून टाका आणि चिरण्याआधी गड्डा धुवा.

तर युक्ती एवढीच, की भाजी चुलीवर असतानाच तिच्यात आंबट घालायचे. लिंबू, चिंच, आमसूल, ताक, जे घरात असेल ते. सोडा अजिबात नको. लोखंडी कढईतही ही भाजी काळपट पडते आणि कल्हई उडालेले पितळी भांडे तर आंबटाला कधीच वापरू नये. स्टीलचे पातेले सर्वांत बरे.

हा कोबी हिरव्यापेक्षा जरा कडक असतो, म्हणून बारीक चिरावा. कोरड्यास करायचे तर तेलात मोहरी, जिरे, लसूण, हिरवी मिरची यांची फोडणी द्या, कोबी टाका आणि लगेच चिंचेचा दोन चमचे कोळ घाला. पाणी शक्यतो नकोच, ताटावर पाणी ठेवून वाफेवर शिजवा. उतरवताना शेंगदाण्याचा कूट आणि चिमूटभर गूळ घाला. ज्वारीच्या भाकरीबरोबर फार छान लागते. पीठ पेरूनही करता येते. पण मला विचाराल तर या कोबीची पचडीच खरी. कच्चा कोबी बारीक चिरून मीठ चोळायचे, पाच मिनिटांनी लिंबू पिळायचे, कूट घालायचा आणि वरून हिंग-मिरचीची फोडणी. लिंबू पिळताच जांभळ्याचा गुलाबी होतो, तो पाहायला पोरे चुलीजवळ येऊन बसतात. शिवाय शिजवताना जाणारे क जीवनसत्त्व कच्च्यात टिकते.

आता प्रश्न दहा-वीस गड्डे एकदम घरात आले तर काय करायचे, हा. देठ आणि धड पाने राखून गार खोलीत ठेवले तर थंडीच्या दिवसांत आठ-दहा दिवस सहज राहतात. त्यापुढे टिकवायचा तर खारवा. ही रीत युरोपात जुनी आहे. जेम्स कुक हा इंग्रज दर्यावर्दी १७६८ साली सफरीला निघाला तेव्हा हिरड्या सुजण्याचा, दात हलण्याचा खलाशांचा रोग टाळण्यासाठी त्याने जहाजावर असाच खारवलेला कोबी घेतला होता.

कोबी चिरून वजन करा. एक किलोला २५ ग्रॅम मीठ. इथे अंदाज नको. मीठ कमी पडले तर कोबी कुजतो, जास्त झाले तर खाववत नाही. घरी तराजू नसेल तर किराणा दुकानातून मोजून आणा. मीठ लावून दहा मिनिटे दोन्ही हातांनी चांगला चुरगाळा, पाणी सुटेल. उकळत्या पाण्याने धुऊन वाळवलेल्या चिनी मातीच्या बरणीत मुठीने दाबून भरा. वर चार बोटे जागा मोकळी ठेवा, नाहीतर फेस येऊन ओतू जाईल. कोबीवर एक अख्खे पान पसरा आणि त्यावर उकळून घेतलेला स्वच्छ दगड ठेवा. कोबी सतत त्याच्या स्वतःच्या पाण्याखाली बुडालेला पाहिजे, सगळी मेख यातच आहे. तोंडाला फडके बांधा. घट्ट झाकण लावू नका, आत वायू तयार होतो. बरणी अंधाऱ्या, गार कोपऱ्यात ठेवा आणि भोवती ओले पोते गुंडाळा. आपल्याकडच्या जानेवारीत आठ-दहा दिवसांत तो आंबट होतो आणि आपोआप लालही. मग फ्रीज असेल तर त्यात ठेवा, नसेल तर थंडी आहे तोवर खाऊन संपवा. वर पांढरा पातळ पापुद्रा आला तर काढून टाकावा. पण रंगीत केसाळ बुरशी, बुळबुळीतपणा किंवा कुजकट वास आला तर सबंध बरणी टाकायची, वरचे काढून खालचे खायचे नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात हा उद्योग करू नये. रक्तदाब असलेल्यांनी हा प्रकार बेतानेच खावा.

व्हिनेगर मिळत असेल तर काम सोपे. चिरलेल्या कोबीला मीठ लावून रात्रभर ठेवा, सकाळी निथळून बरणीत भरा आणि मिरे-लवंगा घालून उकळून गार केलेले व्हिनेगर कोबी बुडेपर्यंत ओता. व्हिनेगरमध्ये पाणी घालून वाढवू नका, त्याच्या आंबटपणावरच टिकणे अवलंबून असते.

हरभऱ्याचा पाला, मेथी, गवार वाळवून वर्षभर पुरवणाऱ्या घरांना वाळवण काय शिकवायचे! कोबीला एकच गोष्ट जास्त करावी लागते. चिरून चाळणीवर तीन-चार मिनिटे वाफवायचा, लिंबाचे पाणी शिंपडायचे, मग पातळ फडक्याखाली वाऱ्यावर पसरायचा. कडक उन्हात ठेवला तर रंग उडतो. पान चुरचुर मोडू लागले की घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. दहा किलो ओल्याचा जेमतेम किलोभर होतो, तेव्हा कमी झाला म्हणून घाबरू नका. मे महिन्यात भाजीची टंचाई पडली की आमटीत, थालीपिठात मूठभर टाकता येतो. मात्र भिजत घालताना पाण्यात थोडा चिंचेचा कोळ घाला. नाहीतर बोअरच्या पाण्यात तो पुन्हा निळा पडेल, आणि सासूबाईंना पुन्हा तेच सगळे समजावून सांगावे लागेल.