पडद्यावरच्या बारा जागा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गणपतीत वसई रोडहून कोकणात जाणाऱ्यांना तत्काळ तिकिटाची धांदल सांगायला नको. वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहा, साध्या शयनयानासाठी अकरा. काटा तिथे पोचला की देशभरातली बोटे एकदम पडद्यावर पडतात. बारा जागा दिसतात, आपण घाईने नावे भरतो आणि हाती येते प्रतीक्षा यादी. मग आपण म्हणतो, 'आतल्या आत कुणीतरी खाल्ल्या!' दलालांच्या लबाड्या खोट्या नाहीत. पण लबाडी नसतानाही असे घडू शकते.

किराणा दुकान डोळ्यांसमोर आणा. साखर, मीठ, चहाची पुडी गल्ल्याजवळ. पोती मागच्या गोदामात. दर गिऱ्हाइकामागे मालक गोदामात जाऊ लागला तर रांग रस्त्यावर येईल. संगणकाची मूळ नोंदवही, म्हणजे डेटाबेस, हे गोदाम. वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवतात, ती 'कॅश'. ही रोकड नव्हे हं! फ्रेंचमधल्या 'लपवणे' या क्रियापदातून हा शब्द आला. शब्द चाळत बसणाऱ्या माझ्यासारख्याला याची मौज वाटते, कारण इथे लपवलेलेच सर्वांत आधी सापडते.

गर्दी वाढली की एक गल्ला पुरत नाही. साठा अनेक यंत्रांवर वाटावा लागतो. २००३ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी 'लाइव्हजर्नल' या संकेतस्थळासाठी 'मेमकॅश्ड' लिहिले ते याच गरजेतून. आपल्याकडे २०१४ साली आयआरसीटीसीची नवी ई-तिकीट व्यवस्था आली, तिच्यात 'जेमफायर' नावाचा असाच वाटलेला साठा होता. मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर गेली.

पण नुसती यंत्रे मांडून भागत नाही. कोणती माहिती कोणत्या यंत्रावर, हे गणिताने ठरते. यंत्रांच्या संख्येने भागून उरलेल्या बाकीवरून ठरवणे सोपे. मात्र चाराची पाच यंत्रे केली की बहुतेक सामानाचा पत्ता बदलतो आणि सगळी रांग गोदामावर कोसळते. १९९७ साली एमआयटीतल्या संशोधकांनी यावर युक्ती मांडली. तिच्यात नव्या यंत्राकडे त्याच्या वाट्याचेच सामान जाते, बाकीचे जागचे हलत नाही.

शिवाय प्रत्येक माहितीला मुदत द्यायची. स्थानकांची नावे दिवसभर चालतील, रिकाम्या जागांचा आकडा काही सेकंदच. सगळ्या मुदती एकाच क्षणी संपल्या तर सगळे एकदम गोदामाकडे धावतील, म्हणून त्या थोड्या पुढेमागे ठेवतात.

आता ते बारा. तो आकडा म्हणजे काही सेकंदांपूर्वीची प्रत, आणि ती पाहणारे हजारो. जागा मिळते ती ज्याची नोंद मूळ वहीत आधी पोचली त्याला. मुदत शून्य केली तर आकडा ताजा राहील. पण गोदामापुढे रांग लागून पडदाच गोठेल. किती शिळे चालवून घ्यायचे, हे यंत्र नव्हे, माणूस ठरवतो. घरी आई आजारी असताना निघालेल्याचे पैसे अडकू नयेत, म्हणून चांगली व्यवस्था पैसे घेण्याआधी मूळ वहीला पुन्हा एकदा विचारते आणि जागा संपल्या असतील तर तिथेच सांगून टाकते.