शोकेसमधला वाइनचा खण

वाइनच्या बाटल्या आडव्या राहाव्यात म्हणून शोकेसमध्ये किंवा भिंतीतल्या कपाटात लाकडी जाळी बसवतात. सुटा रॅक जागा अडवतो. कपाटातला खण त्याच कपाटाच्या पोटात मावतो. डिलाईल रोडला, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गाला, हा हिशेब जुनाच आहे. १९२०च्या दशकात उभ्या राहिलेल्या इथल्या बीडीडी चाळींत खोली १६० चौरस फुटांची. खाटेखाली ट्रंका, डोक्यावर पोटमाळा आणि एकाच शोकेसमध्ये टीव्ही, कपबश्या, गणपतीचे सामान. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर ठरले आहे, तरी वाइनसाठी वेगळे फर्निचर करण्याइतकी ऐसपैस जागा तीही नव्हे. बाटली मात्र आता परकी राहिलेली नाही. नारायणगाव आणि नाशिकच्या वाइनरी राज्यातल्याच, आणि द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण सरकारने २००१ मध्येच आणले. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली लागणारा परवाना तेवढा घरात असावा.

मापाची सुरुवात बाटलीपासून करायची. ७५० मिलिलिटरची सरळ खांद्याची बाटली साधारण ७५ मिलिमीटर जाड आणि ३०० मिलिमीटर उंच असते. उतरत्या खांद्याची थोडी जाड, फेसाळ वाइनची नव्वदीच्या आसपास. म्हणून प्रत्येक घर आतून १०० मिलिमीटरचे धरले की सगळ्या बसतात. आडवी चार आणि उभी तीन घरे, मधल्या फळ्या १२ मिलिमीटरच्या आणि चौकट १८ मिलिमीटरची, असा बारा बाटल्यांचा खण बाहेरून ४७२ बाय ३६० मिलिमीटर होतो. खोली ३०० मिलिमीटर पुरते. बाटलीचे तोंड जरा बाहेर आले तर ती काढायला सोपी जाते.

उभ्या फळ्यांना पुढून अर्ध्यापर्यंत, आडव्यांना मागून अर्ध्यापर्यंत खाच घेतली की त्या एकमेकींत सरकतात. खिळा लागत नाही. घोळ होतो तो खाचेच्या रुंदीत. बारा मिलिमीटरच्या प्लायला दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर सनमायका चिकटवला की जाडी चौदा होते, आणि बाराची खाच वाया जाते. फळी तयार झाल्यावर तिचाच तुकडा लावून खाच आखावी. चौकटीचे मापही त्याच जाडीवरून वाढवावे. भरलेल्या बारा बाटल्यांचे वजन पंधरा किलोच्या पुढे जाते. खण उंचावर असेल तर खालची फळी बाजूंच्या फळ्यांत खाच घेऊन बसवावी, नुसत्या स्क्रूवर सोडू नये.

सागवान देखणा असतो, पण पावसाळ्यात आडव्या रेषेत फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो. त्यामुळे जाळी प्लायची आणि दर्शनी पट्ट्या सागाच्या, ही विभागणी शहाणपणाची. प्लाय पाण्याला टिकणारा, आयएस ७१० शिक्क्याचा असावा. पाडलेल्या घरांतला जुना सागवान पट्ट्यांना उत्तम. फक्त रंधा मारण्याआधी त्यातले मोडके खिळे शोधून काढायचे, नाहीतर पात्याची धार जाते.

जागेची निवड सुतारकामाहून महत्त्वाची. वाइनला १२ ते १४ अंश सेल्सिअस मानवते. मुंबईच्या मे महिन्यात घराचा पारा तिशी ओलांडतो. तेवढ्या उष्णतेत वाइन फुगून बूच वर ढकलते आणि चवही उतरते. लाकूड हे थोपवू शकत नाही. हा खण वर्षानुवर्षे मुरवण्यासाठी नसून थोड्याच महिन्यांत संपणाऱ्या बाटल्यांसाठी आहे, हे मान्य करूनच तो बांधावा. फ्रिजच्या मागची गरम हवा, ओट्याची धग, पश्चिमेच्या उन्हात तापणारी आणि पावसात ओलावणारी भिंत या तिन्हींपासून तो लांब हवा. पाठीमागे इंचभर पोकळी आणि वर-खाली हवेची भोके ठेवली नाहीत तर श्रावणापर्यंत लेबलांवर बुरशी येते. काचेची दारे आणि आत दिवे ही सध्याची हौस. पण उजेडाने वाइन बिघडते, विशेषतः पांढऱ्या काचेतली, म्हणून लाकडी दारच बरे. बूच असलेली बाटली आडवी ठेवतात ती बूच ओले राहून सुकू नये म्हणून. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीला ती गरज नाही, तिला उभा कप्पाही चालतो.

पॉलिश शेवटी. थिनरचा आणि फेविकॉलचा वास पुरता जाईपर्यंत दारे उघडी ठेवावीत, आणि मगच बाटल्या आत घालाव्यात.