रस नको, फळ द्या

मूल आजारी पडले की घरात मोसंबी येतात. 'डॉक्टर, हा काही खात नाही, पण ज्यूस मात्र दोन-तीन ग्लास घेतो,' असे अनेक पालक सांगतात. खरे तर बरेचदा ज्यूसने पोट भरते, म्हणूनच मूल जेवत नाही. रसात प्रथिने आणि लोह नगण्य असते. त्यामुळे पोट भरलेले दिसते, पण वजन आणि रक्त वाढत नाही.

200 मिलिलिटर संत्र्याच्या रसाला तीन-चार संत्री लागतात. चोथा गाळणीत राहतो आणि सुमारे चार चमचे साखर ग्लासात उतरते, तीही वरून काही न घालता. एवढी संत्री सोलून खाताना मूल मध्येच थांबते. रस मात्र दोन मिनिटांत संपतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना रसातील साखरेलाही वरून घातलेल्या साखरेच्याच पंक्तीत बसवते. बाटलीतून घोट घोट रस पिण्याच्या सवयीने दुधाचे दातही किडतात.

डब्यावरच्या '100 टक्के फळांचा रस' या दाव्यावरही जाऊ नका. असे दावे काढून टाकण्याचे आदेश अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जून 2024मध्ये दिले आहेत.

मग किती द्यावा? भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा 2019चा सल्ला असा : दोन वर्षांपर्यंत रस टाळावा. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त 125 मिलिलिटर, तर त्यापुढे 250 मिलिलिटर, तोही शक्यतो ताजा. ही कमाल मर्यादा आहे. रोज द्यायलाच हवा असे नाही.

जुलाबात तर रस नकोच. त्यातील साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. अशा वेळी ओआरएस द्यावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण सुरू ठेवावे. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली, तर लगेच दवाखाना गाठावा.

सहा महिन्यांनंतर कुसकरलेले केळे, पपई, चिकू द्यावा. मोठ्या मुलांना बिया काढून पेरूच्या फोडी द्या. पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट 'क' जीवनसत्त्व असते. तहान लागली तर पाणीच द्या. आणि वरणभातावर लिंबू पिळायला विसरू नका. त्यामुळे डाळ-भाजीतले लोह अंगी लागते. आजारी मुलासाठी मोसंबी आणलीत, तर सोलून, बिया काढून फोडीच हातात द्या.