क्षयरोग आणि आपल्या शरीरातील विकरे

रुग्णभेटीला गेलो की एक प्रश्न आम्हांला हमखास ऐकावा लागतो : ‘फादर, एकाच घरात राहून, एकाच ताटात जेवून याला क्षय झाला, मग त्याला का नाही?’ (क्षय ताटातून नव्हे, हवेतून पसरतो, पण हा गैरसमज काही केल्या जात नाही.) क्षयाचे जंतू शरीरात शिरलेल्या शंभर जणांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष रोग जडतो. उरलेल्यांचे शरीर जंतूंना आवर घालते. या कामी विकरांचा, म्हणजे एन्झाइम्सचा, मोठा वाटा असतो.

फुप्फुसात आलेल्या जंतूंना भक्षक पेशी गिळून टाकतात. या पेशींतील एक विकर जंतूंना मारक असा नायट्रिक ऑक्साइड वायू निर्माण करते. ज्या उंदरांत हे विकर नसते ते क्षयाला लवकर बळी पडतात, असे प्रयोगांत दिसून आले. तेव्हा अशी विकरे जितकी अधिक तितके रक्षण अधिक, असे कोणालाही वाटेल. आम्हांलाही तसेच वाटत होते.

बडोद्यात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉ. ललिता रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेब्रा माशाच्या पारदर्शक पिलांना क्षयजंतूच्या एका भाऊबंदाची लागण करून निरीक्षणे केली. शरीरातील दाह कमी-अधिक करणारे ‘एलटीए४एच’ नावाचे विकर २०१० साली त्यांच्या नजरेत भरले. ते कमी पडले तर भक्षक पेशींना जंतू आवरत नाहीत. ते अति झाले तर दाह इतका भडकतो की त्या पेशीच फुटतात, आणि आतले जंतू बाहेर मोकळे होऊन फोफावतात. रक्षकच घर पेटवून देतो म्हणा ना!

२०१२ साली याच संशोधकांनी व्हिएतनाममधील क्षयजन्य मेंदूज्वराचे रुग्ण अभ्यासले. ज्यांच्या अंगी आनुवंशिकतेने हे विकर अधिक, त्यांनाच दाह शमविणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा लाभ झाल्याचे आढळले. पुढे इंडोनेशियातील अभ्यासात मात्र असा संबंध दिसला नाही. म्हणून हा विषय संशोधकांनी अद्याप मिटविलेला नाही.

स्टेरॉइड कोणाला द्यावे हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. दुकानातून आणून स्वतःच घेतल्यास दबलेला क्षय डोके वर काढू शकतो. जंतूंना मारणारी औषधे ती वेगळीच. साध्या क्षयावर ती सहसा सहा महिने घ्यावी लागतात आणि सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात.