उभ्या रानाचा मोबदला

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात दोन अगदी वेगळी अर्थकारणे एकाच तहसील कार्यालयाच्या दप्तरात नांदतात. दक्षिणेला चाकणची औद्योगिक वसाहत आहे, जिथे मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने, गोदामे आणि त्यांच्यामागोमाग आलेली बांधकामे यांमुळे जमिनीचा हिशेब एकरात न होता गुंठ्यात होऊ लागला आहे. पश्चिम टोकाला भीमाशंकरचा डोंगर आहे, जिथे भीमा उगम पावते आणि जिथल्या उतारांवरचे उत्पन्न थोडी भातखाचरे, नाचणी, वरई आणि हिरडा यांच्यापलीकडे फारसे जात नाही. या डोंगरपट्ट्यातले, तसेच शेजारच्या मावळ आणि आंबेगाव तालुक्यांतले पुष्कळ रान वनखात्याच्या ताब्यात असले तरी सगळे नाही. बराच झाडोरा शेतकऱ्यांच्या स्वतःच्या वरकस जमिनीवर, म्हणजे भातशेतीला न चालणाऱ्या डोंगरउताराच्या जमिनीवर उभा आहे, आणि तो तसाच उभा ठेवण्याबद्दल त्या शेतकऱ्याला कोणीही काही देत नाही. झाड तोडले तर पैसा मिळतो, नवे रोप लावले तर अनुदान मिळू शकते, परंतु आजोबांच्या काळापासून उभे असलेले ऐन-जांभळीचे रान राखले तर काहीच मिळत नाही. ही विसंगती दूर करण्याचा विचार जगात गेली तीसेक वर्षे गांभीर्याने चालू असून पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्याने तो आता मनावर घ्यायला हवा.

या विचाराला अभ्यासक ‘परिसंस्था सेवांचा मोबदला’ असे म्हणतात. रान जी कामे करते, म्हणजे उतारावरची माती धरून ठेवणे, पावसाचे पाणी जमिनीत मुरवणे, परागीभवन करणाऱ्या किडींना व पक्ष्यांना आसरा देणे, हवेतील कार्बन साठवणे, त्यांना परिसंस्था सेवा म्हणतात. यातल्या बहुतेक सेवांचा लाभ जमीनमालकापेक्षा खालच्या अंगाला राहणाऱ्या लोकांना अधिक होतो, आणि बाजारात त्यांना भाव नसल्यामुळे मालकाच्या हिशेबात त्या धरल्याच जात नाहीत. म्हणून लाभ घेणाऱ्याने लाभ देणाऱ्याशी करार करावा, करारात ठरावीक मुदत आणि स्पष्ट अटी असाव्यात, आणि त्या अटी पाळल्या गेल्याची पाहणी झाल्यावरच पैसे द्यावेत, असे या पद्धतीचे मूळ सूत्र आहे. अटींवर आधारलेला असल्यामुळे हा मोबदला अनुदान किंवा मदत यांच्यापासून वेगळा ठरतो. त्यात उपकाराचा भाग नाही, केलेल्या कामाचा तो दाम आहे.

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या छोट्या देशाने १९९६च्या वनकायद्याने ही पद्धत राष्ट्रीय पातळीवर आणली आणि तिचा खर्च मुख्यतः इंधनावरील करातून भागवला. त्याच कायद्याने जंगलाची जमीन दुसऱ्या वापराखाली आणण्यास बंदी घातली, त्यामुळे मनाई आणि मोबदला ही दोन्ही साधने तिथे बरोबरीने चालली. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांताने २००१ मध्ये वेगळी वाट धरली. तिथे शासनाने भाव ठरवला नाही. आपल्या जमिनीवरील मूळच्या झाडोऱ्यासाठी कोणती कामे करणार आणि त्याबद्दल किती रक्कम अपेक्षित आहे, याची बोली शेतकऱ्यांनीच लावायची आणि कमी पैशांत अधिक निसर्गलाभ देणाऱ्या बोली शासनाने निवडायच्या, अशी ती रीत होती. भारतातले उदाहरण याहून साधे आहे. हिमाचल प्रदेशातील पालमपूर नगर परिषदेने २०१० मध्ये बोहल गावाच्या वनसमितीशी करार करून, शहराला पाणी देणाऱ्या झऱ्यावरचे जंगल राखण्याबद्दल वर्षाला दहा हजार रुपये द्यायचे मान्य केले. रक्कम नाममात्र म्हणावी अशी आहे. पण नगर परिषदेने पाण्याच्या नळापलीकडे, झऱ्याच्या माथ्यावरच्या माणसांकडे पाहिले, हे तिचे खरे मोल आहे.

महाराष्ट्रात मात्र अशा कराराची बोलणी पैशावर येण्याआधीच एका जुन्या भीतीशी अडतात, आणि ती भीती निराधार नाही. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमानुसार ३० ऑगस्ट १९७५ रोजी राज्यातील खाजगी वने शासनाच्या मालकीची झाली. लहान खातेदारांना जमिनी परत देण्याची तरतूद पुढे करण्यात आली, तरीही सातबाऱ्यावरच्या वनाच्या नोंदी, जुन्या नोटिसा आणि त्यांवरचे दावे कित्येक दशके चालत राहिले, इतके की मुंबईतील अशा जमिनींचा वाद २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला. डोंगरातल्या शेतकऱ्याने या साऱ्यातून एकच अर्थ काढला, तो असा की जमिनीवर रान वाढले तर जमीन हातची जाते. त्यात १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याने हिरडा, आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ अशी झाडे स्वतःच्या जमिनीतूनही परवानगीशिवाय तोडण्यास मनाई केली. कायद्याचा हेतू चांगला होता; परंतु ज्या झाडामुळे कचेरीच्या खेपा वाढतात ते झाड बांधावर उगवू न देण्याकडेच माणसाचा कल होतो. पश्चिम घाटातील पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना मार्च २०१४ पासून वारंवार निघत आहे आणि दर वेळी गावोगावी तिला विरोध होत आहे, त्यामागेही हेच कारण आहे. तिच्यात मनाईची यादी आहे, मोबदल्याची नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११च्या अहवालात निसर्ग राखणाऱ्यांना संवर्धन सेवेचे शुल्क द्यावे, असे सुचवले होते. चर्चा मात्र निर्बंधांचीच झाली आणि शुल्काची सूचना बाजूला पडली.

तरीसुद्धा याच राज्यात खाजगी रानासाठी करार झालेले आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याकडे फारच थोडे जंगल आहे आणि जे रान दिसते ते बहुतांशी मालकीचे आहे. ठेकेदार मालकाला एकरकमी पैसे देतो, सगळा उतार जळाऊ लाकडासाठी तोडतो, आणि फुटवे पुन्हा वाढले की काही वर्षांनी परत येतो. अर्चना गोडबोले आणि जयंत सरनाईक यांच्या पुढाकाराने पुण्यात सुरू झालेल्या ‘अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेने संगमेश्वर तालुक्यात अशा मालकांशी संवर्धन करार केले, ज्यांत ठरावीक वर्षे तोड न करण्याच्या बदल्यात मोबदला देण्यात आला. पुढे याला उपजाची जोड मिळाली. सह्याद्रीतील बेहडा आणि हिरडा यांच्या फळांना ‘फेअरवाइल्ड’ या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र मिळाले. झाडाला इजा न करता, काही फळे रानासाठी ठेवून आणि गोळा करणाऱ्याला रास्त दाम देऊन माल घेतला आहे, याची हमी हे मानक देते, आणि परदेशातील औषधी चहा बनवणाऱ्या कंपन्या अशा मालाला चढा भाव देतात.

बेहड्याची निवड विचारपूर्वक झालेली आहे. हे झाड जुने झाले की त्याच्या उंच खोडात ढोली पडते, आणि धनेश पक्ष्याची मादी विणीच्या हंगामात अशाच ढोलीत शिरून आतून तोंड लिंपून घेते. बाहेर चोचीपुरती फट उरते, त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिलांना उंबर-वडाची फळे भरवत राहतो. ढोली पडायला झाडाला अनेक दशके लागतात, म्हणून दर दहा-पंधरा वर्षांनी तोड होणाऱ्या रानात झाडे हिरवीगार दिसली तरी धनेशाला घर मिळत नाही. रोपवाटिकेतून आणलेली हजार रोपे अशा एका झाडाची जागा भरून काढू शकत नाहीत, आणि म्हणूनच ‘लावलेली झाडे’ व ‘राखलेली झाडे’ यांना एकाच तराजूत तोलणे चुकीचे आहे.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्याचा या हिशेबाशी थेट संबंध आहे. शहर मुख्यतः पवना धरणाचे पाणी रावेत येथून उचलते, त्यात आंद्रा धरणाच्या पाण्याची भर चाकणजवळच्या निघोजे येथे इंद्रायणीतून पडते, आणि भामा-आसखेडच्या पाण्यावरही त्याची मदार ठरलेली आहे. तरीही नोव्हेंबर २०१९ पासून शहराला दिवसाआड पाणी मिळू लागले. या सर्व धरणांचे पाणलोट मावळ आणि पश्चिम खेडच्या डोंगरात आहेत. रान राखल्याने धरणात पाणी वाढेल, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही, कारण झाडे स्वतःही पाणी पितात आणि हवेत सोडतात. उघड्या उतारावरून धरणात येणारा गाळ कमी होणे, पावसाचा लोंढा मंदावणे आणि पावसाळ्यानंतर झरे अधिक काळ वाहणे, हे लाभ पुरेसे आहेत, आणि अतिशयोक्ती न करताही त्यांसाठी पैसे मोजणे शहाणपणाचे ठरते. शहर आणि वरचे खोरे यांच्यातील नात्याला आजवर दुसरेच वळण लागले आहे. पवना धरणाचे पाणी थेट शहराकडे नेणाऱ्या नियोजित बंद जलवाहिनीविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात झालेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतर पाण्याचा विषय त्या खोऱ्यात केवळ पाण्याचा राहिलेला नाही. पाणीपट्टीतला एक छोटा हिस्सा पाणलोटातील रान राखणाऱ्यांसाठी वेगळा काढला, तर त्याने ती जखम भरून येणार नाही, परंतु शहर फक्त घेते ही भावना काही अंशी तरी सैल होईल.

कारखान्यांकडे पैसा आहे, आणि कायद्याने त्यातला काही खर्च करणेही बंधनकारक आहे. कंपनी कायदा, २०१३च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करायची असते, त्यात पर्यावरणाचे रक्षण येते आणि कारखान्याच्या परिसराला प्राधान्य अपेक्षित असते. परंतु अडचण मुदतीत आहे. २०२१च्या सुधारित नियमांनुसार चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांपलीकडे नेता येत नाही, आणि एखाद्या संस्थेच्या कायम निधीत रक्कम ठेवून तिच्या व्याजावर काम चालवण्याची सोयही उरलेली नाही. चार वर्षांच्या हिशेबात खड्डे खणून रोपे लावता येतात, वृक्षारोपणाचे आकडे अहवालात दाखवता येतात. वीस वर्षांचा करार त्या चौकटीत बसत नाही. शासनाला या क्षेत्रात खरोखर काही करायचे असेल तर नव्या योजनेचे नाव शोधण्यापेक्षा दीर्घ मुदतीच्या संवर्धन करारांना या नियमातून सूट देणे अधिक उपयोगाचे होईल.

मोबदल्याने सगळे साधेल असेही नाही. डोंगराच्या कुशीत बंगल्यांचे भूखंड पडू लागले की त्या भावाशी कोणताही संवर्धन करार स्पर्धा करू शकत नाही. तिथे जमीनवापराचे नियमच कामी येतात. मोबदल्याची स्पर्धा लाकडाच्या ठेकेदाराशी आहे आणि तिथे ती जिंकता येते. दुसरी शंका अधिक खोल आहे. भीमाशंकरच्या परिसरात आणि सह्याद्रीत इतरत्र देवराया टिकल्या त्या पैशामुळे नव्हे. गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात त्यांचा अभ्यास केला तेव्हा देवाच्या नावाने राखलेली, कुऱ्हाड न लागलेली झाडी त्यांना गावोगावी आढळली. ज्या गोष्टीला श्रद्धेने हात लावला जात नाही तिला दर लावला, तर दर बंद पडल्यावर श्रद्धाही उरणार नाही, अशी भीती अभ्यासक व्यक्त करतात. म्हणून देवराईसाठी वैयक्तिक रक्कम देण्याऐवजी ग्रामसभेच्या हाती राखणदाराचा खर्च, वणवा रोखण्यासाठी जाळरेषांचा खर्च देणे योग्य ठरेल. मालकीच्या वरकस जमिनीसाठी मात्र थेट मोबदलाच हवा.

करारावर सही कोणी करायची, हा प्रश्न कागदावर दिसतो त्याहून अवघड आहे. पश्चिम खेडच्या एखाद्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असतात, कित्येक वारसांची नोंद झालेली नसते, आणि त्यातले बरेच सहहिस्सेदार मुंबईत किंवा भोसरी-चाकणच्या कारखान्यांतच कामाला असतात. चैत्र-वैशाखात कोवळा हिरडा उतरवून कातळावर काळा पडेपर्यंत वाळवणाऱ्या महादेव कोळी कुटुंबातल्या बाईचे नाव त्या उताऱ्यावर बहुधा नसते, आणि झाडाची खरी राखण तीच करत असते. करारात मालकाचा हिस्सा आणि राखणदाराचा हिस्सा वेगळा लिहावा लागेल, रक्कम दोघांच्या खात्यांत स्वतंत्र जमा व्हावी लागेल, आणि कराराची नोंद इतर हक्कांच्या रकान्यात घेताना ‘मुदत संपल्यावर ही जमीन वन म्हणून गणली जाणार नाही’ असे वाक्य त्यात स्पष्ट घालावे लागेल. ते वाक्य तलाठ्याकडून वाचून घेतल्याशिवाय डोंगरातला शेतकरी अंगठा उठवणार नाही.