मातीचा ट्रॅक आणि पाण्याची वेळ

अमेरिकेच्या आग्नेयेकडील कॅरोलिना, जॉर्जिया, टेनेसी या राज्यांत आणि मध्य-पश्चिमेकडील इंडियाना, ओहायो, आयोवा या शेतीप्रधान प्रदेशांत शनिवारची संध्याकाळ ही मातीवरच्या शर्यतींची वेळ समजली जाते. गावाबाहेर एखाद्या शेताच्या कडेला मातीचा छोटासा लंबगोल ट्रॅक असतो. भोवती पायऱ्यांची साधी बैठक, दिव्यांचे काही खांब आणि खाद्यपदार्थांची एक टपरी. दुपार कलली की कुटुंबेच्या कुटुंबे ट्रेलरवर आपापल्या कार्ट लादून येऊ लागतात. पाच-सहा वर्षांच्या मुलापासून साठी ओलांडलेल्या आजोबांपर्यंत कोणीही येथे चालक असू शकतो. शर्यतींचे गट वयानुसार पाडलेले असतात आणि लहानांच्या इंजिनात वाट अरुंद करणारी चकती बसवून त्याची ताकद आवरलेली असते.

पाहणाऱ्यास या खेळाचे सारे आकर्षण वेगात आहे असे वाटते. ज्यांच्या हाती ट्रॅक असतो त्यांची चिंता निराळी असते. मागून येणाऱ्या कार्टला पुढच्या कार्टला ओलांडण्यासाठी रात्री दहा वाजताही जागा शिल्लक असेल काय, हा त्यांच्यापुढील खरा प्रश्न. ती जागा रुंदीने मिळत नाही. ती मातीतील ओलाव्याने मिळते आणि तो ओलावा बव्हंशी सायंकाळच्या दोन-तीन तासांत, पाण्याच्या टँकरवर बसलेल्या माणसाच्या निर्णयाने ठरतो.

कार्टचा इतिहास फार जुना नाही. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या रेसिंग कार बांधणाऱ्या कारागिराने लू बोरेली या सहकाऱ्याच्या मदतीने नळ्यांच्या सांगाड्यावर गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवले आणि पॅसाडीना येथील रोझ बोल मैदानाच्या वाहनतळावर ते चालवून पाहिले. तेथून हा खेळ जगभर गेला. युरोपात आणि आपल्याकडेही तो मुख्यतः डांबरी, वळणावळणाच्या ट्रॅकवर रुजला. कोल्हापूरचे नाव त्यासाठी सर्वांच्या परिचयाचे आहे. अमेरिकेच्या ग्रामीण भागात मात्र जत्रेच्या मैदानांवर घोड्यांच्या शर्यतींसाठी केलेले मातीचे लंबगोल आधीपासूनच होते. मोटारींनी आणि पुढे कार्टनीही तीच परंपरा उचलली.

कार्टला निलंबन, म्हणजे धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा, मुळीच नसतात. मागची दोन्ही चाके एकाच सलग दांड्यावर बसवलेली असल्याने वळणावर ती वेगवेगळ्या गतीने फिरू शकत नाहीत. म्हणून डाव्या वळणांच्या ट्रॅकसाठी मागचे उजवे टायर मुद्दाम डाव्यापेक्षा मोठ्या घेराचे घेतात. बैठक जमिनीपासून जेमतेम काही सेंटिमीटर उंच. अशा वाहनाला मातीतील बोटभर खड्डाही सहन होत नाही. तो थेट चालकाच्या कण्यापर्यंत पोहोचतो आणि वळणावर आला तर कार्ट उलटवूही शकतो. शिवाय चालकासह कार्टचे वजन साधारण दीडशे ते पावणेदोनशे किलो. टनाहून जड मोटारी धावता धावता माती दाबून घट्ट करतात, कार्टच्या वजनाने ते होत नाही. तेव्हा मोटारींच्या ट्रॅकपेक्षा कार्टचा ट्रॅक लहान असला तरी त्याची मशागत अधिक काटेकोर असावी लागते.

सुरुवात मातीच्या निवडीपासून होते. नुसती वाळूमिश्रित माती दाबली जात नाही, चाकांखालून भुकटी होऊन उडते. नुसती चिकणमाती ओली झाली की साबणासारखी निसरडी आणि वाळली की दगडासारखी कठीण. दोहोंचे प्रमाण पाहण्यासाठी प्रयोगशाळाच हवी असे नाही. काचेच्या बरणीत माती व पाणी घालून खळखळून हलवावे आणि बरणी ठेवून द्यावी. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत बसतो, चिकण कण दिवसभर पाणी गढूळ ठेवतात. थरांची जाडी मोजली की मातीचा ताळेबंद समोर येतो. कॅरोलिना-जॉर्जियाकडील लाल मातीत लोहाचे प्रमाण अधिक असून ती पाण्याने फारशी फुगत नाही, म्हणून तेथील ट्रॅक सुदैवी. आपल्या दख्खनच्या काळ्या मातीचा स्वभाव याच्या अगदी उलट. पावसात फुगायचे आणि उन्हाळ्यात हात जाईल इतके भेगाळायचे, हे विदर्भ-मराठवाड्याशी कापसाचा व्यवहार केलेल्यांना वेगळे सांगायला नको.

इंग्रजीत ज्याला फार लांबलचक शब्द लागतात त्यासाठी मराठी शेतकऱ्याकडे एकच नेमका शब्द आहे: वाफसा. माती ना चिखल ना ढेकूळ, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि तो खाली टाकला तर फुटतो, ती ही अवस्था. पेरणीला जे लागते त्याच्याच जवळपासचे काही मातीच्या ट्रॅकलाही लागते. १९३३ साली कॅलिफोर्नियातील अभियंता राल्फ प्रॉक्टर याने मातीच्या धरणांचा अभ्यास करताना हेच शास्त्रीय रीतीने मांडले. प्रत्येक मातीला ओलाव्याचे एक विशिष्ट प्रमाण असते आणि त्या प्रमाणावर दाबली तरच ती सर्वाधिक घट्ट होते. त्याहून कोरडी असेल तर कण एकमेकांत सरकत नाहीत, अधिक ओली असेल तर मधले पाणीच जागा अडवून बसते. आजही रस्ते व धरणांच्या कामात प्रॉक्टर चाचणी केली जाते. रोलर कितीही जड असला तरी चुकीच्या ओलाव्यावर फिरवलेला रोलर म्हणजे डिझेलचा अपव्यय.

आठवड्याचे काम त्यामुळे ठरलेल्या क्रमाने चालते. शर्यतीत चाकांनी बाहेरच्या कडेला लोटलेली सुटी माती ग्रेडरच्या पात्याने पुन्हा उतारावर आणतात. वरचा दोन-तीन इंचांचा थर फाळांनी किंवा रोटाव्हेटरने मोकळा करतात, त्यावर पाणी सोडतात, ते मुरू देतात, मग पाते फिरवून उतार साधतात. वळणे आतल्या बाजूस उतरती असल्याने पावसाचे पाणी आत जमते; त्याला बाहेर काढणारा नाला तुंबला तर सारा ट्रॅक खालून मऊ पडतो. त्यानंतर रोलर. पहिला फिरतो तो खुंट्यांचा. मेंढीच्या खुरांसारखे उंचवटे असलेला म्हणून त्याचे नावही मेंढीच्या पायावरून पडले आहे. तो माती खालून वर दाबत आणतो आणि खालचा थर घट्ट झाला की आपोआप वर चढत जातो. शेवटी रबरी चाकांचा वा गुळगुळीत रोलर पृष्ठभाग बंद करतो. आधीच गुळगुळीत रोलर फिरवला तर वर कडक पापुद्रा आणि खाली भुसभुशीत माती अशी फसवी स्थिती होते. अर्ध्या शर्यतीत तो पापुद्रा निघतो.

पाण्याचा हिशेब सोपा आहे, पण अनेकजण तो करीत नाहीत. समजा ट्रॅक ३२० मीटर लांब व ८ मीटर रुंद आहे. क्षेत्र झाले २,५६० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाणी म्हणजे २,५६० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर पूर्ण रिकामा केला तरी जेमतेम चार मिलिमीटर पडते. हेच पाणी एका फेरीत ओतले तर उतारावरून वाहून आत जाते, वर घसरगुंडी आणि खाली कोरडे. तेच तीन-चार हलक्या फेऱ्यांत, मध्ये मुरायला वेळ देत सोडले तर दीड-दोन इंच खोल उतरते. जाणते लोक शनिवारसाठीचे पाणी गुरुवार-शुक्रवारीच देऊ लागतात ते यासाठीच. शनिवारी दुपारी घाईने दिलेले पाणी वरच राहते आणि पहिल्या तासातच उडून जाते.

सूर्य मावळेपर्यंत उन्हाचा आणि वाऱ्याचा जोर असतो. पहिल्या गटांना माती जड लागते, मग ती चिकट होते आणि चाकांना उत्तम पकड मिळते. पुढे एका ठरावीक मार्गावर टायरचे रबर बसू लागते. तो पट्टा काळा, टणक, चकचकीत होतो. त्याबाहेर सुटे खडे. हा पट्टा एकच आणि अरुंद राहिला की शर्यत संपली असे समजावे. पुढचा पुढे, मागचा मागे. ज्याला सुरुवातीस पुढची जागा मिळाली तो जिंकतो आणि उरलेले पेट्रोल जाळून घरी जातात.

येथे एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. ओल्या, पकड असलेल्या मातीवर इंजिनाची ताकद बोलते. कोरड्या, घसरत्या मातीवर चालकाचा संयम आणि टायरची पारख बोलते. अर्थात टँकर किती वेळा फिरवायचा हे ठरवणारा माणूस नकळत निकालाकडेही हात पोहोचवत असतो. महागडे इंजिन घेऊन आलेले कुटुंब आणि वापरलेले इंजिन दुरुस्त करून आलेले कुटुंब एकाच रांगेत उभे असते. टायर मऊ करण्यासाठी रसायने चोळण्याची चाल आहे. तिच्यावरही खर्च होतो आणि काही ठिकाणी तिला बंदी आहे. अशा ठिकाणी बाहेरची वाट आणि आतली वाट या दोन्हींवर सारखी पकड ठेवणे, हाच काय तो न्याय. त्यासाठी मध्यंतरात काळ्या पट्ट्यावरून पाते किंवा ब्रश फिरवणे आणि बाहेरच्या बाजूस पाण्याची हलकी फेरी मारणे आवश्यक असते. त्यात अर्धा तास जातो. लहान मुले पेंगुळतात, प्रेक्षक घड्याळ पाहतात, टपरीवाला खूश होतो. अनेक आयोजक हा अर्धा तास वाचवतात आणि पुढच्या महिन्यात कार्टची संख्या का घटली याचा शोध घेत बसतात.

पैसा आणि यंत्रे असली म्हणजे माती वश होते असे नाही, याचे मोठे उदाहरण टेनेसीतील ब्रिस्टल येथे घडले. काँक्रीटचा अर्ध्या मैलाचा सुप्रसिद्ध ट्रॅक २०२१ साली मोटारींच्या शर्यतीसाठी सुमारे २३,००० घनयार्ड मातीने झाकण्यात आला. जवळजवळ २,३०० ट्रक माती. रविवारची मुख्य शर्यत पावसामुळे सोमवारवर, २९ मार्चवर गेली. सोमवारी ऊन पडले आणि धुळीने मागच्या चालकांना पुढचे दिसेनासे झाले. थांबलेली शर्यत पुन्हा सुरू करताना गाड्या दोन-दोनच्या जोडीऐवजी एकामागे एक सोडाव्या लागल्या. पुढच्या वर्षी शर्यत सायंकाळी ठेवली गेली. २०२३ नंतर तेथील ही शर्यत पुन्हा काँक्रीटवर आली.

छोट्या ट्रॅकला एवढा ताण परवडत नाही, म्हणून तेथे धुळीकडे अधिक बारकाईने पाहावे लागते. धूळ ही केवळ शेजाऱ्यांच्या तक्रारीची बाब नाही. उडून जाणारे कण हे सर्वांत बारीक, म्हणजे माती बांधून धरणारे चिकण कण असतात. मागे वाळू उरते. प्रत्येक धुळकट रात्री ट्रॅकचे भांडवलच थोडे थोडे कुंपणापलीकडे जात असते आणि हा घसारा कोणत्याही वहीत लिहिला जात नाही. काही वर्षांनी ‘माती बिघडली’ म्हणून नवी माती विकत आणावी लागते तेव्हा तो एकरकमी दिसतो.

त्यावर एक उपाय कॅल्शियम क्लोराइडचा. हे मीठ हवेतील ओलावा शोषून घेते आणि धरून ठेवते. कच्च्या रस्त्यांवर धूळ बसवण्यासाठी ते पूर्वापार वापरले जाते. त्याने पाणी वाचते हे खरे, पण ते लोखंडाला गंज चढवते. शर्यतीनंतर कार्ट धुतली नाही तर सांगाडा, साखळी, नटबोल्ट सारेच खराब होते. दमट रात्री प्रमाण जास्त झाले तर ट्रॅक बुळबुळीत होतो. ते पाण्याला जोड म्हणून वापरावे, पाण्याऐवजी नव्हे.

खड्ड्यांच्या बाबतीत आळस सर्वाधिक महाग पडतो. वळणाच्या तोंडाशी पडलेल्या खड्ड्यात फावडेभर कोरडी माती टाकून पुढच्या गटाला सोडणे, हे दोन फेऱ्यांपुरते काम. खड्ड्याच्या कडा कोरून उभ्या करायच्या, आतील सुटी माती काढायची, पाणी शिंपडायचे, त्याच ट्रॅकची ओलसर माती थराथराने भरायची आणि प्रत्येक थर धुमसाने ठोकायचा, ही खरी रीत. लहान मुलांचा गट पुढे असेल तर त्यासाठी शर्यत थांबवण्याची तयारी आयोजकात असलीच पाहिजे.

सर्वांत कठीण निर्णय पावसापूर्वीचा. माती मोकळी केलेली असताना पाऊस आला तर ती पाणी पिऊन दलदल होते आणि दोन-तीन दिवस तिच्यावर पाऊलही टाकता येत नाही. उलट आधीच गुळगुळीत रोलर फिरवून पृष्ठभाग बंद केला तर पाणी उतारावरून निघून जाते आणि पाऊस थांबल्यावर जुन्या ट्रक हळूहळू फिरवून ट्रॅक पुन्हा सुकवता येतो. मात्र बंद केलेल्या ट्रॅकवर पाऊस आलाच नाही तर शनिवारी माती कोरडी ठणठणीत. हवामानाचा अंदाज पाहून गुरुवारी यापैकी एक पत्करावे लागते. उत्तरेकडील राज्यांत याला हिवाळ्याची भर पडते. गोठलेले पाणी माती उचलून धरते आणि वसंतात ती पूर्ण सुटल्याशिवाय यंत्र आत नेले तर खोल चाकोऱ्या उमटतात.

शेवटची शर्यत संपते तेव्हा बहुधा मध्यरात्र झालेली असते. ट्रेलर एकेक करून फाटकाबाहेर पडतात, मुले मागच्या सीटवर झोपलेली असतात, टपरीवरचा दिवा मालवला जातो. ग्रेडर मात्र तेव्हाच सुरू होतो, कारण मातीत उरलेला ओलावा सकाळच्या उन्हात उडून जाण्याआधी बाहेरच्या कडेची सुटी माती खाली ओढून घ्यायची असते. त्यामागून टँकरची एक हलकी फेरी होते, आणि मग दिव्यांचे मुख्य बटण बंद केले जाते.